पुढे काय झालं ते पोर्शनमध्ये नाही

राजसचे डोळे आले त्या पावसाळ्यात अख्ख्या लालबागचेच डोळे आले होते. चाळीत जाल तिथे दारात कुणीतरी काळा चष्मा लावून बसलेलं असायचं. बाकीच्यांचे आठवड्याभरात निवळले, राजसचे मात्र लांबत गेले. शेवटी परळच्या डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं, बुबुळाला सूज आहे, घाबरण्यासारखं काही नाही, पण महिनाभर वाचायचं नाही, मोबाइल बघायचा नाही, टीव्ही तर नाहीच नाही.

मोबाइल बंद म्हटल्यावर राजस रडकुंडीला आला. वाचन बंद म्हटल्यावर त्याची आई. पोरगा नववीत होता आणि चाचणी परीक्षा तोंडावर आली होती.

सुलक्षणा घाडी मसाल्याच्या दुकानात कामाला होती. लालबागच्या बाजारात ज्या गल्लीत शिरल्याबरोबर अनोळखी माणूस शिंकतो, तिथे. गिऱ्हाइकानं घरात माणसं किती आणि तिखट कितपत खाता एवढं सांगितलं की बेडगी किती, संकेश्वरी किती, धणे किती ते ती तोलून काढायची आणि मागच्या बाजूला कांडपाला पाठवायची. हाताला मिरची इतकी मुरलेली की लेकाच्या डोळ्यांत औषध घालायच्या आधी ती कोपरापर्यंत तेल चोळायची, मग बेसन, मग साबण, आणि तरीही थेंब टाकताना बोटं पापणीपासून लांब ठेवायची.

ती मूळची कणकवलीकडची. चौथी झाली तेव्हा लालबागला आत्याकडे आली. आत्याला तान्हं मूल होतं, घरात हाताशी कुणी हवं होतं, आणि मुंबईत शाळा बरी म्हणून आईनं पाठवून दिलं. मराठी शाळेत दहावीपर्यंत शिकली. मराठीच्या पुस्तकातले धडे ती वर्ष सुरू व्हायच्या आधीच वाचून संपवायची आणि एखाद्या धड्याला रडायचीही. इंग्रजी मात्र गाळलेल्या जागा भरा आणि काळ बदला एवढंच होतं. इंग्रजीत रडण्यासारखं काही असतं हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

परीक्षेचा अभ्यास कसा करायचा याची वाटणी झाली. राजसच्या वर्गातली ओवी परळला राहायची, हुशार आणि भली मुलगी. तिनं इतिहास, विज्ञान सगळं मोठ्यानं वाचून फोनवर पाठवलं आणि राजस डोळे मिटून ते ऐकायचा. इंग्लिश लिटरेचरचं पाठवलं तेव्हा मात्र त्यानं दोन मिनिटांत बंद करायला लावलं.

"काय झालं?" सुलक्षणानं विचारलं.

"ती एक्स्प्रेशन देऊन वाचते, मम्मी. मला हसायला येतं."

"मग मी वाचते. मला एक्स्प्रेशन येत नाही."

राजसला या विषयाचा राग होता, आणि त्याला कारण होतं. सहावीत असताना मोठ्यानं वाचताना त्यानं 'आयलंड'चं 'इझलँड' केलं होतं. वर्ग हसला. मग पुढचं वर्षभर तो इझलँडच होता. तेव्हापासून लिटरेचरच्या तासाला तो मागच्या बाकावर, पुढच्या पोराच्या पाठीआड मान घालून बसायचा. आईला तो म्हणायचा, "मॅथ्समध्ये उत्तर चुकलं तर चुकलं, विषय संपला. लिटरेचरमध्ये उत्तर बरोबर असलं तरी मिस विचारतात, पण तुला काय वाटतं? मला काय वाटतं! मला वाटतं बेल व्हावी."

तर दुपारी दुकानाला सुट्टी असायची तेव्हा सुलक्षणा घरी यायची, हात धुवायची आणि खिडकीपाशी ते पुस्तक घेऊन बसायची. राजस काळा चष्मा लावून कॉटवर आडवा. ती बोट ठेवून एकेक शब्द वाचायची.

"शी... क्नॉक्ड..."

"नॉक्ड. के सायलेंट आहे."

"मग लिहिलाय कशाला?"

"मला काय विचारतेस! मी ठेवला काय तो तिथे?"

दोन कविता अशाच रखडत झाल्या. त्यातलं तिला फारसं काही लागलं नाही. मग एक धडा आला. धडा म्हणजे एका जुन्या इंग्रजी कादंबरीतला उतारा होता. समुद्राकाठच्या गावातली एडिथ नावाची मुलगी. बाप मासेमारीला गेला तो परत आला नाही. घरात धाकटी भावंडं. आई तिला शहरात एका नातेवाइकाकडे कामाला पाठवते, त्या सकाळची गोष्ट. आई तिची वेणी घालते, इतकी घट्ट की तिचे डोळे ताणले जातात. फडक्यात पाव आणि उकडलेले बटाटे बांधून देते. मग घोडागाडी येते. एडिथ गाडीत बसते आणि मनाशी ठरवते की मागे वळून बघायचं नाही, आपण बघितलं नाही तर घर आहे तसं राहील. गाडी वळणावर जाते, आणि ती बघत नाही.

शेवटच्या ओळी वाचताना सुलक्षणाचं बोट पुढे सरकेना. राजस अर्थ सांगत होता, तिला त्याआधीच कळत होता. तिनं पान उलटलं. पुढच्या पानावर कठीण शब्दांचे अर्थ होते आणि खाली प्रश्न.

"पुढचं कुठाय?"

"पुढचं काय?"

"ती पोचली का? आईकडे परत गेली का?"

"एक्स्ट्रॅक्ट आहे ते, मम्मी. एवढंच असतं."

"पण पुढे काय झालं?"

"पुढे काय झालं ते पोर्शनमध्ये नाही."

संध्याकाळी जगदीश घरी आला. तो सुलक्षणाचा नवरा. गिरणीच्या जागेवर उभ्या राहिलेल्या एका टॉवरमध्ये लिफ्टच्या देखभालीचं काम करायचा. भाकऱ्या थापता थापता तिनं त्याला गोष्ट सांगितली. तो ऐकत होता, मधेच शर्टाची बटणं काढायचा थांबला.

"मगे? पोचला काय ता चेडू?"

"तेच तर दिलं नाही ना पुस्तकात."

"ह्या काय झाला!" तो म्हणाला. अर्धा पिक्चर दाखवून कुणी दिवे लावावेत तशी त्याची चिडचिड झाली. नंतर हात धुऊन जेवायला बसला आणि विसरला.

सुलक्षणा विसरली नाही. मुंबईला यायला ती एसटीच्या लाल डब्यात बसली होती त्या सकाळी तिच्याही आईनं अशीच करकचून वेणी घातली होती. मुंबईपर्यंत सुटू नये म्हणून. एडिथनं मागे बघितलं नव्हतं, सुलक्षणानं बघितलं होतं. तिला आईची पाठ दिसली. शेळी मोकळी सोडून आल्यामुळे आई घाईत होती, गाडी हलली तशी ती घराकडे वळली होती. पुढे दर मे महिन्यात सुलक्षणा गावी जायची, आई भेटायची, आंबे, फणस, सगळं व्हायचं. पण त्या सकाळबद्दल दोघी कधी बोलल्या नाहीत आणि मग आई गेली.

राजसचे डोळे बरे झाले. चाचणीत त्या धड्यावर प्रश्न आला होता, एडिथनं मागे वळून का पाहिलं नाही? राजसनं गाइडमधलं लिहिलं, कारण ती धाडसी होती. पूर्ण मार्क मिळाले.

"पण ती धाडसी नव्हती रे," सुलक्षणा पेपर हातात घेऊन म्हणाली.

"मार्क मिळाले ना, मम्मी?"

पालकसभेला ती दुकानातून परस्पर गेली. दादरची शाळा, वर्गातल्या छोट्या बाकांवर मोठाली माणसं अवघडून बसलेली. लिटरेचर शिकवणाऱ्या पद्मजा मिससमोर ज्या त्या पालकाचं एकच गाऱ्हाणं, मार्क कसे वाढतील. सुलक्षणाचा नंबर आला तेव्हा मिसनी राजसचा पेपर काढला आणि म्हणाल्या, "लिहितो बरं. वर्गात तोंड उघडत नाही. घरी बोलतो का?"

"घरी तोंड मिटत नाही, बाई," सुलक्षणा म्हणाली. मराठी शाळेतली सवय, मिस म्हणायला तिची जीभ वळायची नाही. मग तिनं जरा थांबून विचारलं, "बाई, त्या एडिथचं पुढे काय झालं?"

पद्मजा मिसनी चष्मा काढला. पन्नाशी ओलांडलेल्या, केस अर्धे पिकलेले. "तुम्ही वाचलात धडा?"

"राजसला वाचून दाखवला. त्याचे डोळे आले होते तेव्हा."

"मी ती कादंबरी कॉलेजात असताना वाचलीय. ती परत जाते बहुतेक. की आईच शहरात येते? थांबा हं..." मिस आठवायला लागल्या आणि मग स्वतःशीच हसल्या. "आठवत नाही हो. दर वर्षी हा उतारा शिकवते. मुलं विचारतात, मिस, हे इम्पॉर्टंट आहे का, हे येणार का. पुढचं कुणी विचारत नाही, म्हणून मीही त्या वळणापर्यंतच जात राहिले."

मागे दुसरे पालक उभे होते. सुलक्षणा उठली. पण पुढच्याच आठवड्यात राजस शाळेतून आला तो दप्तरातून एक जाडजूड पुस्तक काढून कॉटवर टाकत म्हणाला, "हे तुझ्यासाठी. मिसनी सगळ्यांसमोर दिलं. फॉर युवर मदर, म्हणाल्या. मम्मी, तू काय काय करतेस यार!"

पुस्तकाला जुन्या कपाटाचा वास होता. आत पेन्सिलीनं कॉलेजातल्या मुलीच्या अक्षरात पद्मजा मिसचं माहेरचं नाव. सुलक्षणानं त्याला कव्हर घातलं आणि दुसऱ्या दिवशी दुपारी जेवायचं सोडून ते उघडून बसली.

पहिल्या पानावरच ती अडली. शाळेच्या पुस्तकात सोपं करून दिलेलं होतं. हे दुसरंच इंग्रजी होतं. एकेक वाक्य अर्धं पान चालायचं आणि शेवटाला पोचेपर्यंत सुरुवात हातातून निसटायची. तिनं पानं उलटली. मधेच 'एडिथ' दिसायचं. गणपतीच्या गर्दीत लांबवर आपल्या माणसाचं डोकं दिसावं आणि परत बुडावं, तसं. मग तिनं फोनचा कॅमेरा पानावर धरला, राजसनं दाखवलं होतं तसं. फोननं मराठी केलं : आईने दाराला सांगितले की भाकरी म्हातारी आहे.

जगदीश हसून हसून लोळला. "भाकरी म्हातारी आसा!" चार दिवस तो जेवताना तेच म्हणत होता. मग एकदा तिला परत पुस्तक घेऊन बसलेलं बघून त्यानं नीट विचारलं, "तुका परीक्षा देवची आसा की काय गो?"

"नाही," ती म्हणाली. 

एका शनिवारी ओवी राजसला नोट्स द्यायला आली. राजस खाली खेळत होता. खिडकीपाशी सुलक्षणा आणि मांडीवर ते पुस्तक.

"काकी, तुम्ही हे वाचताय?"

"वाचत नाहीये ग. बघतेय."

ओवीनं पुस्तक हातात घेतलं. ती उभ्यानंच वाचायला लागली आणि बराच वेळ तशीच उभी राहिली. मग म्हणाली, "काकी, मी वाचून दाखवू? थोडंसं?"

असं ते सुरू झालं. दर शनिवारी दुपारी ओवी यायची, चपला दारात काढायची आणि कॉटवर मांडी घालून बसायची. आधी तिनं नुसतं मराठीत सांगायला सुरुवात केली होती, पण सुलक्षणा म्हणाली, "आधी इंग्रजीत वाच. तिचा आवाज ऐकू दे, मग सांग." म्हणून ओवी एकेक परिच्छेद वाचायची, सगळ्या एक्स्प्रेशनसकट, आणि मग पुस्तकात बोट ठेवून म्हणायची, "तर काकी, सीन असा आहे..." शहरातल्या त्या घरातली म्हातारी मालकीण, तिचा बहिरा कुत्रा, एडिथला झोपायला दिलेली छपराखालची खोली जिच्या खिडकीतून फक्त धुराडी दिसायची. सुलक्षणा मिरच्यांची देठं काढत ऐकायची. घरी न्यायला दुकानाचा मालक आता एक पोतं सोबत द्यायचा, शनिवारी ती लवकर परतत नाही हे त्याच्या लक्षात आलं होतं.

राजस पोटमाळ्यावर, कानात इअरफोन घालून पडलेला असायचा. एकदा ओवी सांगत होती की एडिथला मालकिणीची दया यायला लागली, तेव्हा वरून आवाज आला, "अगं मालकिणीची नाही, कुत्र्याची! मागच्या पानावर नाही का, तो जिन्यावरून पडला?" दोघींनी वर बघितलं. इअरफोनची वायर त्याच्या छातीवर नुसतीच लोंबत होती. राजसनं कूस बदलली.

"मग वर्गात का नाही बोलत?" ओवीनं विचारलं.

"वर्गात कोण सांगणार, कुत्रा की मालकीण. वर्गात लिहायचं, द ऑथर वॉन्ट्स टु शो."

ओवी हसली. सुलक्षणानं तिला सोलकढी दिली. पेला हातात घेऊन ती म्हणाली, "काकी, मला ना वर्गात हा विषय आवडतो पण आणि नकोसा पण वाटतो. आवडती ओळ आली की मिस म्हणतात, अंडरलाइन करा, कॅरेक्टर स्केचला पाच पॉइंट. मग ती ओळ माझी राहतच नाही. आणि याला मॅथ्स चुकलं तर काही वाटत नाही, मला लिटरेचरमध्ये एक मार्क गेला ना, तर वाटतं मी कुणाशी तरी खोटं वागले."

"मग पुढे हेच शीक."

"पप्पा म्हणतात, लिटरेचर घेऊन काय करणार? सायन्सचं ठरलंय." तिनं सोलकढीचा घोट घेतला. "काय करणार, काकी, खरंच? तुम्ही सांगा ना."

सुलक्षणाला खूप वाटलं, काहीतरी ठाम सांगावं. मोठ्या बाईनं लहान मुलीला सांगावं असं. पण तिच्याकडे तसं काही नव्हतं. ती म्हणाली, "माका नाय गो कळणा त्यातला," आणि पेल्यात परत सोलकढी ओतली. गावची भाषा तिच्या तोंडून अशीच निघायची, शब्द संपले की.

दहावीचं वर्ष लागलं. ओवीला दादरच्या एका मोठ्या क्लासमध्ये घातलं, शनिवार-रविवार पूर्ण दिवस. शेवटच्या शनिवारी दोघी पुस्तकात बऱ्याच पुढे आल्या होत्या. शहरात आलेला एक गाडीवान एडिथला सांगतो की तुमच्या किनाऱ्यावर मोठं वादळ होऊन गेलं, आणि तो आणखी काही बोलणार इतक्यात मालकीण घंटा वाजवते. तिथे ओवीनं पान दुमडलं. "नेक्स्ट टाइम, काकी." मग तिच्या लक्षात आलं, पुढचा शनिवार क्लासचा; तिनं पान उलगडून सरळ केलं आणि त्यात बसचं तिकीट ठेवलं.

नेक्स्ट टाइम आला नाही. सुलक्षणानं राजसला एकदाही वाच म्हटलं नाही. त्याची बोर्डाची परीक्षा, तिनंच त्याचा मोबाइल काढून घेतला होता. दिवाळी गेली. मार्गशीर्षातले गुरुवार झाले. दुकानात धण्याचं माप करताना मधूनच ती वादळात अडकायची, गिऱ्हाईक म्हणायचं, अहो ताई, बस झालं, किती घालताय! तिला कळायचं नाही आपल्याला कशाची एवढी ओढ लागलीय. गोष्टच तर होती. असल्या गोष्टी टीव्हीवर रोज लागत होत्या, त्यात वादळं होती, घरं सोडलेल्या मुली होत्या. पण त्या बघताना कुणी थांबून, बोट ठेवून तिला सांगत नसे, तर काकी, सीन असा आहे.

एकदा भारतमाता टॉकीजच्या सिग्नलला बसमधून तिला ओवी दिसली. पलीकडच्या फुटपाथवर, पाठीवर क्लासची बॅग, केस कापलेले. सुलक्षणानं खिडकीतून हात केला. ओवीनंही केला, मोठा, दोन्ही हातांनी. तोंडानं काहीतरी म्हणाली. बस निघाली. काय म्हणाली ते ऐकू आलं नाही.

बोर्डाची परीक्षा संपली आणि राजस दोन दिवस नुसता झोपला. तिसऱ्या दिवशी दुपारी सुलक्षणा घरी आली तर तो कॉटवर बसलेला, हातात ते पुस्तक.

"हात धू आणि ये. गाडीवानापाशी होतो ना आपण?"

तो वाचायला लागला. ओवीसारखं वाहतं नव्हतं ते. तो अडखळायचा, मागे जायचा, वाक्य पुन्हा धरायचा. पण त्याचा आवाज आता फुटून घोगरा झाला होता आणि तो गाडीवान बोलायला लागला की खरंच कुणी दमलेला माणूस बोलतोय असं वाटायचं. एका ठिकाणी तो थांबला. सुलक्षणानं मान वर केली. त्यानं हलक्या आवाजात, जपून 'आयलंड' म्हटलं आणि पुढे गेला. 

एप्रिलच्या दुपारी अशा गेल्या. दुकानात वर्षाच्या मसाल्याची झुंबड होती, सुलक्षणा घरी यायची तेव्हा अंगावरून लाल धूळ उडायची, राजस शिंकायचा आणि वाचायचा. शेवटचं पान आलं तेव्हा जगदीशची साप्ताहिक सुट्टी होती, तोही भिंतीला टेकून बसला होता.

एडिथ परत गेली, पण फार वर्षांनी. आई नव्हती. भावंडं विखुरलेली. घर मात्र होतं, तेच, वादळातून वाचलेलं. त्यात दुसरीच माणसं राहत होती. दारातल्या बाईनं तिला विचारलं, कुठून आलात? एडिथ म्हणाली, शहरातून. बाईनं पाणी दिलं. एडिथ ते पायरीवर बसून प्यायली, पेला परत दिला आणि निघाली. संपलं.

"म्हणजे?" सुलक्षणा म्हणाली. "सांगितलंच नाही तिनं?"

"नाही."

"आपलं घर आहे म्हणून सांगायला काय झालं होतं तिला? एवढं सगळं करून तिथे गेली, आणि पाणी पिऊन परत? हे काय लिहिलंय त्या लेखिकेनं!" ती खरोखरच रागावली होती. आवाज चढला होता. शेजारची कौसल्या मावशी दारात डोकावून गेली.

राजस पुस्तकाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "मम्मी, मला वाटतं, सांगितलं असतं तर त्या बाईला कसंतरी झालं असतं. राहत्या घरात. रोज तिला वाटलं असतं, हे कुणाचं तरी आहे."

सुलक्षणा त्याच्याकडे बघायला लागली. जगदीश म्हणाला, "बरोबर बोलता तो."  खाली कुणी टेम्पो मागे घेत होतं, त्याचं टुंगटुंग चाललं होतं. सुलक्षणानं पदरानं तोंड पुसलं आणि मिरचीचा हात डोळ्याला लागला, तेव्हा ती रडली, आणि ते मिरचीमुळेच असं तिघंही धरून चालली.

पुस्तक परत द्यायला ती एकटी गेली. पद्मजा मिस दादरला हिंदू कॉलनीत राहायच्या, तळमजल्यावर. सुलक्षणानं ताज्या गरम मसाल्याची पुडी नेली होती. मिसनी ती नाकाशी धरून डोळे मिटले, मग चहा टाकला.

"ती परत गेली का?" त्यांनी आतून विचारलं.

"गेली. पण सांगितलं नाही कुणाला."

मिस चहाचे कप घेऊन बाहेर आल्या आणि बसल्या. "हो," त्या म्हणाल्या. "पायरी. पाणी. आता आठवलं. तेव्हा मी विशीत होते, मला तो शेवट अजिबात आवडला नव्हता."

"मला पण नाही आवडला," सुलक्षणा म्हणाली. "पण डोक्यातून जात नाही."

मिस हसल्या. त्या पुढच्या वर्षी निवृत्त होणार होत्या. मुलगा परदेशात, घरभर पुस्तकं आणि ती कुणाला द्यावीत हा प्रश्न. बोलता बोलता त्या उठून कपाटापाशी गेल्या. "तुम्हांला वाचायचंय ना आणखी? मराठीतली चांगली देते. उगाच त्रास नको. एका बैठकीत होतील."

"नको बाई, इंग्रजीच द्या."

"अहो, पण कळायला जड जातं ना तुम्हांला?"

"म्हणूनच द्या," सुलक्षणा म्हणाली. "मराठी मी एकटी वाचते. इंग्रजी असलं की कुणालातरी जवळ बसून वाचावं लागतं."

 मिसनी हात वरच्या फळीकडे नेला आणि खूप वेळ घेऊन एक पुस्तक निवडलं.

निकाल लागला. राजसला बरे मार्क पडले, लिटरेचरलाही, आणि त्याला पॉलिटेक्निकला प्रवेश मिळाला. आता तो सकाळी जातो आणि संध्याकाळी वर्कशॉपच्या ग्रीसनं माखून येतो. रविवारी वाचू, मम्मी, म्हणतो. रविवारी मित्र येतात. सुलक्षणाला त्याचं वाईट वाटत नाही. पोरानं बाहेर जावं म्हणूनच तर सगळं केलं.

ओवी सायन्सला आहे. गणपतीच्या दिवसांत तिचा फोन आला होता. मागे क्लासमधला गोंगाट ऐकू येत होता.

"काकी, राजस म्हणाला नवीन पुस्तक आणलंय. कसलंय?"

"माहीत नाही ग. तू येशील तेव्हा उघडू."

"दिवाळीत येते. नक्की."

दिवाळीत त्यांची टेस्ट सिरीज होती. आता नाताळच्या सुट्टीत येते म्हणालीय.

दुकानाला सुट्टी असते त्या वेळात सुलक्षणा घरी येते, हात धुते आणि कधीकधी ते पुस्तक काढून पहिलं पान उघडते. बोट ठेवून, ओठ हलवत जाते. अजून पहिल्या पानापुढे ती गेलेली नाही. त्यात थॉमस नावाचा कुणी आहे, तो सकाळी लवकर उठतो आणि दाराशी कुणीतरी येऊन थांबलेलं असतं, एवढं तिला कळलंय.